गर्भाशयातल्या गाठी: 'पिशवी काढून टाका' म्हटल्यावर काय विचारायचं?

रानजाई

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी दिवसाला तीन-चार पाटीवरच्या पेन्सिली खात होते. माझ्याकडे पहिलीचा वर्ग आहे, पेन्सिलींचा डबा टेबलावरच असतो. मुलं खाली मान घालून गिरवायला लागली की एक तुकडा तोंडात टाकायचे. पहिल्या पावसाच्या मातीचा वास असतो ना, तशी चव लागायची. वय बेचाळीस, मुलं मोठी झालेली, आणि हे कसले डोहाळे, म्हणून घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पाळीचे दिवस कसे काढायचे याचं एक गणितच बसवलं होतं. पहिले तीन दिवस गडद साडी. खुर्चीवर जुनी ओढणी चौपदरी घालून बसायचं. दर दीड तासाला पॅड बदलायचं, म्हणजे तासिका आणि मधली सुट्टी त्या हिशोबाने बघायची. रात्री दोन पॅड एकत्र, खाली प्लॅस्टिक. रक्ताच्या गुठळ्या पडायच्या, लिंबाएवढ्यासुद्धा. वर्ग दुसऱ्या मजल्यावर. पंधराव्या पायरीला थांबून कठड्याला धरून श्वास घ्यायचा आणि कुणी आलं तर साडीच्या निऱ्या नीट करतेय असं दाखवायचं. आई, मोठी जाऊ, शाळेतल्या बाई, ज्या ज्या बाईला बोलले तिने एकच सांगितलं, 'पाळी जायच्या आधी असं होतंच गं.' चार वर्षं मी ते खरं मानलं.

शेवटी शाळेतल्या आरोग्य शिबिरात हिमोग्लोबिन तपासलं, तर ६.४. तिथल्या परिचारिकेने रिपोर्ट दोनदा वाचला आणि मला खुर्चीवरून उठूच दिलं नाही. सोनोग्राफीत दोन गाठी निघाल्या. एक ४ सेंटिमीटरची, गर्भाशयाच्या भिंतीत. दुसरी २.८ सेंटिमीटरची, आतल्या पोकळीत डोकावणारी.

ज्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेले (नाव लिहिणार नाही, विपूत, म्हणजे खाजगी निरोपातही, विचारू नका) त्यांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, 'दोन मुलं झालीत ना? मग पिशवी ठेवून काय करायचंय? पुढे कॅन्सर झाला म्हणजे? पुढच्या बुधवारी घेऊ.' एवढंच. पाच-सात मिनिटं. मी रजेचा अर्जही लिहिला होता. नणंदेने हट्ट धरला म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पाऊण तास दिला, कागदावर चित्र काढून दाखवलं, आणि माझी पिशवी आज जागेवर आहे. पुढचं सगळं खाली सांगतेच.

पिशवी काढणं चूकच, असं म्हणायला हा धागा काढलेला नाही. काहींना ती काढावीच लागते. पण 'गाठ आहे' एवढं कारण त्याला पुरत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझी चार वर्षं वाचली असती. आपापले अनुभव लिहा. जाणकारांनीही लिहा, प्लीज.

अबोली

ताई, धागा अगदी वेळेवर आला. मी ३१ वर्षांची, पुण्यात असते. पोट दुखलं म्हणून सोनोग्राफी केली तर ॲपेंडिक्स नीट आणि खाली एक ओळ, 'सबसेरोसल फायब्रॉइड ३.१ सेंमी, पोस्टिरिअर वॉल'. पाळी एकदम नियमित, चार दिवस, काहीही त्रास नाही. लग्न ठरतंय. आईने रडून घर डोक्यावर घेतलंय. तिला वाटतंय आता मूल होणार नाही, आणि मुलाकडच्यांना सांगायचं की नाही यावर घरात दोन गट पडलेत. मला दोन रात्री झोप नाही. ही गाठ वाढून फुटते का?

कोयनाकाठ

माझ्या चुलत बहिणीला पण आहेत दोन. सहा वर्षं झाली, आहेत तेवढ्याच आहेत. वाचतेय.

कोरांटी

पस्तीस वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलं, आता प्रॅक्टिस थांबवली आहे. इथे कुणाला औषध लिहून देणार नाही, पण गाठ म्हणजे काय हे सांगू शकते.

अबोली, आधी तुझं. फुटत नाही. आईला सांग की पन्नाशीपर्यंत बहुतेक बायकांच्या गर्भाशयात लहान-मोठी गाठ तयार झालेली असते. अमेरिकेत पद्धतशीर सोनोग्राफी करून बघितलं तेव्हा गोऱ्या बायकांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास आणि कृष्णवर्णीय बायकांत ८० टक्क्यांच्या वर निघालं. त्यांतल्या कित्येकींना आपल्याला गाठ आहे याचा पत्ताही नव्हता. दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी झाली म्हणून तुला कळलं, इतकंच.

आता रचना समजून घ्या. गर्भाशय म्हणजे स्नायूंची जाड भिंत असलेली एक पोकळ पिशवी. फायब्रॉइड ही त्याच स्नायूच्या पेशींची वाढ, घट्ट, गोल, कापली तर आत दोऱ्याच्या गुंडीसारखे पांढरट वेटोळे दिसतात. घराच्या भिंतीचं उदाहरण मी पेशंटना द्यायचे. भिंतीत तीन ठिकाणी फुगवटा येऊ शकतो. बाहेरच्या अंगाला आला, तर तो सबसेरोसल. अबोली, तुझी ही. घरात राहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. फार मोठी झाली तर शेजारच्या अवयवांवर दाबते, मग सारखं लघवीला जावं लागतं किंवा शौचाला त्रास होतो. विटांच्या मध्येच राहिला तर इंट्राम्युरल. आणि आतल्या गिलाव्याखाली येऊन खोलीत शिरला तर सबम्युकोसल. हा खरा त्रास देणारा. पाळीचं रक्त ज्या अस्तरातून जातं, तिथेच तो बसलेला असतो. म्हणून दीड-दोन सेंटिमीटरची आतली गाठ बाईला पांढरीफटक करते, आणि सहा सेंटिमीटरची बाहेरची गाठ वर्षानुवर्षं गुपचूप पडून असते. रिपोर्ट हातात आला की सगळे आकडा वाचतात. आधी जागा वाचा.

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन संप्रेरकांवर गाठी पोसल्या जातात. म्हणून पाळी सुरू होण्याआधी त्या नसतात आणि पाळी कायमची गेली की आक्रसतात. चव्वेचाळीस-पंचेचाळिशीच्या बाईला सोसवण्यासारखा त्रास असेल तर 'थोडी कळ काढू, मध्ये औषध देऊ' हासुद्धा एक उपचारच आहे. आणि पाळी गेल्यावर गाठ वाढायला लागली किंवा रक्त दिसलं, तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही.

रानजाई, तुमच्या पेन्सिली वाचून वाईट वाटलं, नवल वाटलं नाही. शरीरातलं लोह संपलं की माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काहीतरी खावंसं वाटतं. बायका हे लाजेने सांगत नाहीत आणि आम्ही डॉक्टर विचारत नाही. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो ॲनिमिया. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या. इतक्या सगळ्याजणी दमलेल्या असल्या की दमणं हेच बाईपण वाटायला लागतं.

अबोली

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला. लग्नाच्या बाबतीत काय करू?

कोरांटी

होणाऱ्या नवऱ्याला तू स्वतः सांग, घरच्यांकरवी नको. 'छोटी गाठ आहे, बाहेरच्या बाजूला, मूल होण्याच्या आड येईल अशी जागा नाही, वर्षाने पुन्हा सोनोग्राफी करायची.' चार वाक्यं आहेत. मूल न होण्याचा संबंध मुख्यतः पोकळीत शिरलेल्या गाठींशी असतो.

पाटणकर काका

माझ्या पत्नीने सात महिने कांचनार गुग्गुळ आणि एक काढा घेतला, गाठ साडेचारवरून चार सेंटिमीटर झाली. शस्त्रक्रियेशिवाय मार्ग आहे एवढंच सांगायचं आहे. ॲलोपॅथीवाले हे सांगत नाहीत.

रानजाई

काका, काकूंना बरं वाटतंय हे वाचून छान वाटलं. मी पण तीन महिने काढा घेतला होता, रोज सकाळी अनशापोटी, फार आशेने. माझं म्हणणं इतकंच की त्या तीन महिन्यांत माझं हिमोग्लोबिन कुणी तपासलं नाही, मीही नाही. गाठ विरेल या आशेवर मी रक्त जाऊ देत राहिले. कुठलंही औषध चालू असो, महिन्याला हिमोग्लोबिन आणि सहा महिन्यांनी सोनोग्राफी हे ठरवून करा.

कोरांटी

काका, सोनोग्राफीत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक बघणाऱ्याच्या हातानेही पडतो. शक्यतो त्याच सेंटरला, पाळीच्या त्याच दिवसांत तपासून घ्या. औषधाने गाठ कायमची विरते असं आमच्याकडच्या गोळ्यांबद्दलही म्हणता येत नाही, म्हणून मी कुणा एका पॅथीची बाजू घेत नाही.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर लिहिते. सगळ्यात साधी म्हणजे ट्रानेक्झामिक ॲसिड. पाळीत जास्त जाण्याचे तीन-चार दिवसच घ्यायची, रक्तस्राव बराच कमी करते, गाठीला काही करत नाही. १९६२ मध्ये जपानच्या उताको ओकामोटो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ती शोधली. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने बायका मरू नयेत म्हणून उताको बाईंनी हे काम हाती घेतलं होतं. पायाच्या शिरेत किंवा फुफ्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, ती गोळी मग चालत नाही. पाळीत पोट दुखत असेल तर सोबत मेफेनामिक ॲसिड. मग हार्मोनच्या गोळ्या. मग हार्मोनवाली तांबी, म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारी. ती गर्भाशयात पाच वर्षं आणि त्याहून जास्तही काम करते, कित्येकींची पाळी नुसती डागांवर येते. पण पोकळी गाठीने वेडीवाकडी झाली असेल तर ती निसटून पडण्याची शक्यता जास्त असते.

ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं तात्पुरती रजोनिवृत्ती आणतात. गाठ आक्रसते, रक्त थांबतं, हिमोग्लोबिन भरून निघतं, आणि ऑपरेशन सोपं जातं. अंगातून वाफा निघतात आणि हाडं झिजतात, म्हणून नुसतं इंजेक्शन तीन ते सहा महिन्यांपलीकडे नेत नाहीत. बंद केलं की गाठ पूर्ववत होते. युलिप्रिस्टलच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर यकृताच्या तपासण्यांबद्दल नक्की विचारा. युरोपात काही रुग्णांचं यकृत त्यावर इतकं बिघडलं की बदलावं लागलं, आणि २०२० मध्ये तिथल्या औषध नियामकांनी त्यांच्या वापरावर बंधनं आणली.

माजलगावकर

मी पुरुष आहे, इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. आईबद्दल लिहितो.

आमचं घर ऊसतोडीचं. आई-बापाचा एक कोयता, म्हणजे जोडीला मिळून एक कोयता धरतात हे इथे सगळ्यांना माहीत नसेल. दसरा झाला की बिऱ्हाड निघायचं, कधी कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे, आधीच घेतलेली. एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढायचे. पहाटे चारला फडात, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडी भरायची. कोपीत, म्हणजे राहायच्या झोपडीत, न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी लांबून आणायचं. पाळीत आई फाटक्या लुगड्याच्या घड्या वापरायची आणि त्या धुवायलाही पाणी पुरायचं नाही.

ती सत्तावीस वर्षांची असताना अंगावरून जास्त जायला लागलं, कंबर दुखायची. गावाजवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. 'पिशवीला सूज आहे, गाठी आहेत, नाही काढली तर कॅन्सर होईल.' त्याच आठवड्यात काढली. मुकादमाने पैसे दिले, पुढच्या दोन हंगामांच्या उचलीत धरले. दीड महिन्याने आई परत मोळी उचलत होती. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो, ती कोपीत एका कुशीवर पडून दात आवळून बसायची ते आठवतं.

आता ती एकोणपन्नासची आहे. पाठीत पोक आलंय, गेल्या वर्षी अंगणात नुसती घसरली तर मनगट मोडलं. इथलं 'आधी जागा वाचा' हे वाक्य वाचून पेटी काढली, जुने कागद बघितले. सोनोग्राफीचा कागदच नाही. केलीच नव्हती. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत काय लिहिलंय ते मला समजलं, आणि माझी झोप गेली. दोन्ही अंडाशयंही काढली होती. आईला ते आजही माहीत नाही.

रानजाई

दादा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. इथे लिहावं की नाही हा प्रश्नच नाही. मी तुमचा प्रतिसाद वाचून उठले आणि आईला फोन केला, उगाचच.

कृष्णाई

ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा बीडचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला होता. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहा बायकांत एक. त्यानंतर जिल्ह्यात अशा ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचा नियम आला.

हे फक्त बीडचंही नव्हतं. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या अशाच प्रकारांवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. ५ एप्रिल २०२३ ला निकाल लागला. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश होता. त्यानुसार जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर देखरेख समित्या हव्यात. तक्रार करायची असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात समितीबद्दल विचारता येतं.

कोरांटी

माजलगावकर, तुमच्या आईंना जे सांगितलं ते खोटं होतं. फायब्रॉइड ही कॅन्सरची गाठ नाही. सार्कोमा नावाचा गर्भाशयाच्या स्नायूचा कॅन्सर असतो, पण तो वेगळा आणि फार दुर्मिळ. सत्ताविसाव्या वर्षी, सोनोग्राफीशिवाय, त्या भीतीवर पिशवी काढणं याला मी वैद्यक म्हणणार नाही. आमच्याच व्यवसायातल्या लोकांनी हे केलं, हे लिहिताना मला शरम वाटते.

'सूज' या शब्दाबद्दलही लिहिते. गर्भाशयाला सूज, पांढरं जाणं, कंबर दुखणं यांतलं बरंचसं जंतुसंसर्गाचं असतं. फडात पाणी नसताना ते होणारच. त्याला औषधाचा कोर्स लागतो, कात्री नाही.

अंडाशयं काढली असतील तर आईंना सत्ताविसाव्या वर्षीच रजोनिवृत्ती आली. हाडं त्यानेच गेली आहेत, आणि हृदयाचीही काळजी घ्यायला हवी. अजून करण्यासारखं पुष्कळ आहे. डेक्सा नावाची हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घ्या, सोबत व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, थायरॉइड, साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब. हाडं पुन्हा मोडू नयेत म्हणून चांगली औषधं आहेत. आणि आईंना ते कार्ड वाचून दाखवा. बावीस वर्षं आपल्या अंगात काय होतंय हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

शेवंता

मी दुसरी बाजू लिहिते. माझं ४७ व्या वर्षी काढलं आणि मला पश्चात्ताप नाही. गर्भाशय अठरा आठवड्यांच्या गरोदर पोटाएवढं झालं होतं, सात गाठी, गोळ्या झाल्या, हार्मोनवाली तांबी झाली (ती दोन महिन्यांत पडली), इंजेक्शनं झाली. प्रवासात लघवीला उतरवा म्हणून एसटीच्या कंडक्टरला विनवण्या करायचे. डॉक्टरांनी ऑपरेशनआधी पॅप स्मीअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी) केली, अस्तराचा तुकडा तपासला, अंडाशयं ठेवायची असं आम्ही बसून ठरवलं आणि तसं संमतीपत्रावर लिहून घेतलं. नळ्या मात्र काढल्या, अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका त्याने कमी होतो म्हणून. सहा आठवडे बादलीही उचलली नाही, नवऱ्याने सगळं केलं.

एका नातेवाईक बाईंनी भेटायला आल्यावर 'आता काय, बाईपण गेलं' म्हटलं. माझं बाईपण त्या पिशवीत नव्हतं. पण मला विचारून, समजावून, माझ्या होकाराने झालं हे महत्त्वाचं. माजलगावकरांच्या आईचं आणि माझं ऑपरेशन नावाने एकच आहे, बाकी त्यात काहीच सारखं नाही.

लेस्टरची मोगरी

इंग्लंडमधून. माझं एम्बोलायझेशन झालं, त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. पोट उघडतच नाहीत. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेतात आणि रव्यासारखे कण सोडतात. गाठीचा रक्तपुरवठा तुटतो, ती सुकत जाते. १९९५ मध्ये पॅरिसचे डॉ. रॅव्हिना यांनी याचे पहिले अनुभव मांडले. हे काम रेडिओलॉजिस्ट करतात, त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञ नेहमीच सुचवतात असं नाही, आपण विचारावं लागतं.

पहिली रात्र वाईट गेली हे लपवत नाही. बाळंतकळांसारख्या कळा, मॉर्फिन लागलं. आठवडाभर कणकण. दोन आठवड्यांनी कामावर. रक्तस्राव पहिल्याच पाळीला निम्म्यावर आला, गाठ लहान व्हायला सहा महिने लागले. मला पुढे मूल नको होतं. ज्यांना हवंय त्यांना इथे सहसा आधी गाठ काढण्याचाच पर्याय देतात.

निशिगंध

आम्हाला मूल हवंय. पत्नी ३४, पाच सेंटिमीटरची इंट्राम्युरल, पोकळीला थोडी दाबणारी, दोन वर्षं प्रयत्न चालू आहेत. एक डॉक्टर म्हणतात काढा, दुसरे म्हणतात तशीच राहू द्या आणि टेस्टट्यूब करा. कुणाचं ऐकायचं?

कोरांटी

निशिगंध, दोन्ही डॉक्टर चुकीचे नसतील. अशा गाठीत खरोखरच दुमत आहे. एमआरआय करून पोकळी किती दबली आहे ते नेमकं बघा, आणि तुमची वीर्यतपासणी, पत्नीच्या नळ्या आणि अंडाशयांची स्थिती हे सगळं समोर ठेवून निर्णय घ्या. कित्येकदा गाठीवर दोन वर्षं खल होतो आणि नवऱ्याची तपासणी झालेलीच नसते.

गाठच तेवढी काढायच्या शस्त्रक्रियेला मायोमेक्टमी म्हणतात. इंग्लंडच्या व्हिक्टर बॉनी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ती रुजवली. त्यांच्या पत्नीचं गर्भाशय गाठींमुळेच लग्नानंतर लवकर काढावं लागलं होतं आणि त्यांना मूल झालं नाही. पुढे त्यांनी दुसऱ्या बायकांची गर्भाशयं वाचवायला आयुष्य वेचलं. आता हे दुर्बिणीतूनही होतं. तीन गोष्टी आधी समजून घ्या. गाठी पुन्हा होऊ शकतात. ऑपरेशननंतर काही महिने, साधारण तीन ते सहा, दिवस राहू द्यायचे नसतात. भिंतीवर खोल टाके पडले असतील तर बाळंतपण सिझेरियनने करावं लागू शकतं. दुर्बिणीतून मोठी गाठ तुकडे करून काढणार असतील तर ते पोटात वेगळी बंद पिशवी घालून, तिच्यात धरून काढणार का, हेही विचारा. चुकून आत सार्कोमा निघालाच तर तो पोटात पसरू नये म्हणून ही काळजी. अमेरिकेत २०१४ पासून त्यावर इशारा आहे.

आणि गाठीसह दिवस राहिले तर घाबरू नका. बहुतेक बाळंतपणं नीट होतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात गाठीत एकदम दुखू शकतं, बहुतेकदा विश्रांतीने आणि पॅरासिटामॉलने थांबतं, पण दाखवून घ्यायचं.

अबोली

रानजाई ताई, तुमचं पुढे काय झालं ते राहिलंच!

रानजाई

हो, राहिलंच. दुसऱ्या डॉक्टरांनी काढलेलं चित्र अजून माझ्या डायरीत आहे. एक उलटं पेरू, आत एक फुगा, भिंतीत एक फुगा. आतल्या फुग्यावर त्यांनी पेनने गोल केला आणि म्हणाल्या, 'हिच्यामुळे तुम्ही पेन्सिली खाताय. दुसरीला आपण हातही लावणार नाही.'

आधी रक्त भरून काढलं. सलाइनमधून लोह दिलं, दोनदा, तपकिरी रंगाची बाटली असते. पुढच्या दोन पाळ्यांना ट्रानेक्झामिक. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, चहा पुढे-मागे दोन तास नाही. माझ्यासाठी हेच सगळ्यात अवघड होतं. साधारण पंधरा दिवसांत पेन्सिलीची आठवण यायची थांबली. एका दुपारी डबा उघडला, मुलीला पेन्सिल काढून दिली, डबा बंद केला, आणि मग लक्षात आलं की तोंडाला पाणी सुटलं नाही.

हिमोग्लोबिन १०.२ झाल्यावर हिस्टेरोस्कोपी केली. खालच्या वाटेनेच दुर्बीण घालून आतली गाठ तासून काढतात. पोटावर एकही टाका नाही. सकाळी सातला गेले, संध्याकाळी घरी, चौथ्या दिवशी शाळेत. त्यांनी आधीच सांगितलं होतं की गाठ भिंतीत खोल निघाली तर दुसऱ्यांदा यावं लागेल, तशी वेळ आली नाही. काढलेला तुकडा तपासणीला पाठवला, रिपोर्ट साध्या फायब्रॉइडचाच आला. आता पाळी पाच दिवस, दिवसाला तीन पॅड. परवाचं हिमोग्लोबिन १२.३. भिंतीतली चार सेंटिमीटरची तशीच आहे, दिवाळीनंतर सोनोग्राफी.

मुद्दाम सांगते, माझी गाठ दुर्बिणीने निघण्यासारख्या जागी होती. प्रत्येकीची नसते.

कोयनाकाठ

ताई, बहिणीला हा धागा पाठवला. ती म्हणाली माझा रिपोर्ट कपाटात आहे, त्यात जागा लिहिली आहे का बघते.

माजलगावकर

डॉक्टर, काल रात्री जेवणं झाल्यावर आईला कार्ड वाचून दाखवलं. सगळं, तुम्ही लिहिलं तेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'म्हणजे मला तवापासून अंगाची आग व्हायची ती ह्यानंच?' मी हो म्हटलं. 'मला वाटायचं मला कुणीतरी काही केलंय,' म्हणाली.

सोमवारी तिला घेऊन संभाजीनगरला जातोय, हाडांची तपासणी करायला. तिने स्वतः विचारलं की सोबत धाकट्या मावशीलाही घेऊ का. मावशीची पिशवी पण काढलेली आहे, तिची तिसाव्या वर्षी. मावशीचं कार्ड सापडत नाहीये, आज शोधतो.

कोरांटी

घेऊन जा दोघींना. कार्ड सापडलं नाही तरी अडत नाही, पोटावरून सोनोग्राफी केली की अंडाशयं आहेत की नाहीत याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. तिथल्या डॉक्टरांनाही ही आठवण करून द्या. रिपोर्ट आले की विपू करा, मी वाट बघते.